पऱ्याला हात लावायच्या आधी विचारायचं कुणाला? मराठीत, एका पानावर कुठे लिहिलंय का?

पऱ्याकाठ (गुहागर) · १४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण पाऊस यायला अडीच महिने राहिलेत आणि मला खरंच मार्ग सापडत नाहीये.

आमच्या माडांच्या आगराच्या खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. आत्ता घोट्याएवढं पाणी, चैत्र संपला की तेही नाही, पण जुलैमध्ये त्याचा आवाज माजघरात ऐकू येतो. गेली तीन वर्षं तो आमच्या बाजूचा काठ खातोय, मागच्या श्रावणात दोन लागते (फळ धरलेले) माड मुळासकट आडवे झाले. म्हणून काळ्या दगडाची भिंत घालायची, आणि पलीकडच्या दोन घरांसाठी जो लाकडी साकव (छोटा पूल) होता तो कुजलाय तिथे पाइप टाकून मोरी करायची, रिक्षा टेम्पो जाईल अशी. पैसे माझे, जागा माझी, असं मी समजत होतो.

तलाठ्यांना विचारलं, ते म्हणाले तहसीलला जा. तहसीलमध्ये म्हणाले पाण्याचा विषय आहे, पाटबंधारेला विचारा. तिथले साहेब म्हणाले हा पऱ्या आमच्याकडे येतच नाही, जिल्हा परिषदेचं लघु पाटबंधारे बघा. तिथे गेलो तर ग्रामपंचायतीचा ठराव आणा, आणि ग्रामसेवक म्हणतात ठराव मांडतो हो, पण परवानगी द्यायचा अधिकार आमचा नाही. कुणी वाकडं बोललं नाही, एका ठिकाणी तर बसवून चहा दिला. पण चार दिवस मोडले आणि कागद एकही नाही.

मग नेटवर बसलो. खात्यांच्या साइटवर शासन निर्णय आहेत, स्कॅन केलेले, आडवे उभे. मी "पऱ्या" टाकून शोधलं, काही नाही. "साकव परवानगी" टाकलं तर टेंडरच्या नोटिसा आल्या. मला हवं ते कदाचित "नैसर्गिक जलप्रवाह" नावाखाली कुठेतरी असेल, पण आमच्या वाडीत तो शब्द कोण टाकणार?

तर दोन गोष्टी विचारतोय. माझ्या कामाला नक्की कुणाची परवानगी लागते हे कुणाला अनुभवाने माहीत आहे का. आणि असं पान नसेल तर ते कसं असावं हे आपण मिळून लिहून काढूया का, कारण दर उन्हाळ्यात माझ्यासारखे किती जण याच चकरा मारत असतील.

जुनाभूमापक · १५ मार्च, सकाळी ७:१५

भाऊ, परवानगी कुणाची याच्याही आधी एक प्रश्न आहे. पऱ्या कागदावर कुठे आहे?

मी भूमी अभिलेखमध्ये नोकरी केली, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सातबाऱ्यावर पोटखराब बघा. वर्ग अ म्हणजे खडकाळ वगैरे, कसता न येणारी. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक कारणाला गेलेलं क्षेत्र. ब मध्ये काही आकडा असेल तर पऱ्याचा पट्टा तुमच्या नंबरात धरलेला असू शकतो, पण तेवढ्यावर तुम्ही त्यात बांधकाम करू शकता असं होत नाही. आणि तुमच्या नंबराच्या बाहेर नकाशात नाला म्हणून वेगळा दाखवला असेल तर तो सरकारचा, जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २० वाचा. नदी, ओढे, नाले, तळी, जी कुणा दुसऱ्याच्या मालकीची नाहीत ती सगळी राज्य सरकारची.

दुसरं, आणि हे लोकांना कुणी सांगत नाही. नकाशात पऱ्या दिसतो तो मोजणी झाली त्या वेळचा. पाणी काय नकाशा बघून वाहतं? तुम्हीच म्हणताय काठ खातोय, म्हणजे तो सरकलाय. आज तुम्ही ज्याला तुमच्या बाजूचा काठ म्हणताय ती जागा नकाशात पऱ्याच्या मधोमध पण असू शकते, किंवा उलट पलीकडच्या माणसाचीही. भिंत घालायच्या आधी मोजणी आणा, भूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन नकाशावर) बघून अंदाज येतो पण त्यावर दगड रचू नका.

म्हणून पान लिहाल तर पहिला प्रश्न हाच ठेवा.

वायंगणवाला (राजापूर) · १५ मार्च, दुपारी २:०५

पऱ्याकाठदादा, तुमच्या विरोधात बोलतोय असं समजू नका, पण मी खालच्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितो.

आमचा मळा वहाळाच्या काठी आहे. पाट काढून त्या पाण्यावर आजोबांपासून वायंगण (उन्हाळी भात) करतो, पावसाळ्यातलं भात वेगळंच. वरच्या अंगाला एकांनी अगदी तुम्ही म्हणताय तसंच केलं, दोन पाइप टाकले आणि वरून चिरे-माती भरून रस्ता. त्यांचंही काही वाईट मनात नव्हतं, घरात आजारी आई होती, गाडी दारात यायला हवी होती. पहिल्या मोठ्या पावसात फांद्या आणि पातेरा येऊन पाइप तुंबले, पाणी मागे चढलं आणि मग भराव फोडून एकदम आलं. आमच्या मळ्यात गुडघाभर रेजगा (वाळू-खडी) येऊन बसला. लावणी झालेली होती. ते भात गेलंच, पण तो रेजगा काढायला पुढचे दोन उन्हाळे गेले.

आता मुद्दा. मी जुलैमध्ये ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्यांनी घेतला, पोच दिली. मला वाटलं झालं आपलं काम, आता ते बघतील. गणपती झाले, दिवाळी झाली, दोनदा पाहणी झाली. फेब्रुवारीत एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, १९०६ चा, कलम ५. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला आणि त्याने नुकसान होत असेल तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायला हवा. सहा महिने संपून गेले होते. दिवाणी कोर्टाचा रस्ता उरला, ती ताकद माझ्यात नव्हती.

एक ओळ कुठे लिहिलेली असती ना, "पाणी अडवलं असेल तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे", तर मी पोचपावती खिशात घेऊन बसलो नसतो. म्हणून माझी विनंती, हे पान काम करणाऱ्यासाठी असेल तसं ज्याच्यावर पाणी येतं त्याच्यासाठीपण असू दे.

पऱ्याकाठ · १५ मार्च, रात्री १०:३०

वायंगणवाले दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्या खालीही दोघांचे मळे आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही, उद्या जातो. आणि पाइपचा विचार सध्या बाजूला ठेवतो. कुणाला माहीत असेल तर सांगा, पाइप की साकव हे ठरवायचं कसं?

सिव्हिल_रत्नागिरी · १६ मार्च, सकाळी ११:२०

मोघम सांगू शकतो, जागा बघितल्याशिवाय आकडा देणार नाही. वरून किती डोंगराचं पाणी त्या पऱ्यात येतं, उतार किती, आणि पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणा, या तीन गोष्टी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तोही चार महिन्यांत, त्यामुळे देशावरचं बघून पाइप टाकला की तो हमखास अपुरा पडतो. शिवाय पाइपात लाकूड अडकतं. काठापासून काठापर्यंत मोकळा गाळा ठेवून वर स्लॅब किंवा लोखंडी साकव केला तर पात्राला हात लागत नाही, खर्च जास्त पण खालच्याचं नुकसान टळतं. भिंतीचंही तसंच, तुम्ही तुमचा काठ दगडाने पक्का केला की पाण्याचा जोर समोरच्या काठावर किंवा भिंत संपते तिथे जातो.

आणि तुम्हाला चकरा का माराव्या लागल्या ते सांगतो. आपल्याकडे पाण्याच्या खात्यांची वाटणी सिंचन क्षमतेवर आहे. १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषद, त्यापुढे ६०० पर्यंत मृद व जलसंधारण, त्याच्यावर जलसंपदा. ही वाटणी बंधारे आणि तलाव बांधायला बरोबर आहे. पण तुमचा पऱ्या हेक्टर भिजवणारी योजनाच नाहीये, मग तो कुणाच्याच रकान्यात बसत नाही. साहेबांनी टाळलं असं नाही, त्यांच्या यादीत तो प्रश्नच नाही. म्हणून मला वाटतं पान खात्याच्या नावाने सुरू होता कामा नये, कामाच्या नावाने सुरू व्हावं. "मला साकव बांधायचाय", "मला गाळ काढायचाय", "माझा काठ तुटतोय". तिथून पुढे कुठलं टेबल ते.

खाजणकाठ (दापोली) · १६ मार्च, संध्याकाळी ६:५०

सिव्हिल दादांचं पटलं, पण आमच्यासारख्या खाडीकाठच्यांना अजून एक प्रश्न वाढवा. तुमच्या पाण्यात भरती चढते का?

कारण चढत असेल तर सगळं बदलतं, सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) लागू होतं. २०११ च्या अधिसूचनेत खाडीला १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं कमी ते अंतर होतं, २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटर किंवा रुंदी असं झालं. आणि भरती कुठवर धरायची तर ऐन कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजारात पाच भाग जिथवर मिळतो तिथवर. हे वाक्य मी स्वतः इंग्रजीतून चार वेळा वाचून समजून घेतलंय. नकाशे किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या साइटवर आहेत पण आपलं गाव कुठल्या शीटवर ते आधी माहीत पाहिजे, आणि फाइल उघडेपर्यंत आमच्या वाडीतली रेंज जाते.

आमची गोष्ट अशी की खाजणाला (खाडीकाठच्या शेतजमिनीला) सासऱ्यांच्या आधीपासूनचा बांध आहे, उघाडी (पाणी सोडायचं दार) आहे. उघाडीची फळी सडली, खारं पाणी शेतात येऊ लागलं. दुरुस्ती सुरू केली तर कुणीतरी तक्रार केली की खाडीत भराव चाललाय. थांबलो. तो बांध सरकारच्या खारभूमी योजनेतला की खाजगी हे शोधण्यात वर्ष गेलं, आणि एकदा शेतात मीठ बसलं की पुढचे किती पावसाळे ते धुवायला लागतात ते खाजणवाल्यांनाच माहीत. मधल्या काळात तिथे कांदळवन उगवलं! आता त्याला हात लावता येत नाही, आणि लावूही नये, सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडायचं नाही. मला ते मान्य आहे, मासळी तिथेच वाढते. पण पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर फळी वेळेत बसली असती, शेतही राहिलं असतं.

तेव्हा "जुन्याची दुरुस्ती" आणि "नवीन काम" हे दोन वेगळे रस्ते ठेवा हो पानात.

व्हाळातलो · १६ मार्च, रात्री ९:१०

सिंधुदुर्गातसून लिवतंय. माका एकच सांगूचा आसा, माशांका इसरा नकात. पयल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातसून वर शेतात चढतत, मळ्ये, शेंगटी, वाळय. पाइपाचा तोंड खालच्या बाजूक हातभर उंच रवला की मासो थयच आपटत रवता, वर जावकच गावना नाय. आमच्या वाडयेत वरच्या कोपऱ्यात आता मासो दिसना नाय. पानार लिवा, पाइप घालूचो तर तळाक पात्राबरोबर बसवा, आणि काम मे संपायच्या आत उरकून घेवा. परवानगी गावली तरी ह्यां कोण बघना नाय.

ग्रामपंचायत_टेबल · १७ मार्च, सकाळी १०:००

मी ग्रामपंचायतीत काम करते, गाव सांगत नाही. आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त दोन गोष्टी विचारतात.

एक वनराई बंधारा. पाऊस संपल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून श्रमदानाने घालतात तो. हा आम्हीच दरवर्षी घालायला सांगतो, त्याला घाबरू नका, फक्त आधी कळवा म्हणजे जागा आणि नोंद ठेवता येते आणि पावसाआधी गोण्या काढा. गोण्या तशाच राहिल्या की प्लॅस्टिक खाडीत जातं आणि काठही फुटतो.

दोन गाळ. इथे लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहिते. जेसीबीवाला म्हणतो गाळच काढतोय, त्याला काय परवानगी. पण वहाळातून निघतं त्यात रेती-गोटे असतात, आणि ते तिथून उचलून नेलं की गौण खनिज. महसूल संहितेचं कलम ४८, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि मशीन जप्त. माझ्यासमोर एका वाडीने वर्गणी काढून गाळ काढला, हेतू शंभर टक्के चांगला, आणि गाडी अडवली गेली. धरण-तलावाच्या गाळासाठी २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे, तिची पद्धत वेगळी. लोक तेच नियम पऱ्यालाही लागू समजतात. हा फरक पानात ठळक हवाच.

चिपळूणकर_बाजारपेठ · १७ मार्च, दुपारी ४:४०

आमच्याकडचं पण घाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात आली, दुकानात छताला पाणी. त्यानंतर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द शाळेतल्या पोराला पण पाठ झाले. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. पण माझं घर रेषेच्या आत की बाहेर हे मला माझ्या सर्व्हे नंबरावरून बघता यायला हवं ना? नकाशावर जाड रेघ आहे, रेघेखाली माझी अख्खी गल्ली झाकली जाते.

लेकीकडे_मिशिगन · १८ मार्च, पहाटे ५:३०

मी सध्या लेकीकडे मिशिगनमध्ये आहे, मूळची अलिबागची. धागा वाचून जावयांना विचारलं कारण त्यांनी घरामागच्या तळ्याच्या काठाला दगड लावायची परवानगी गेल्या वर्षी काढली.

इथे कायद्याचा भाग ३०१ आहे, तळी आणि ओढे यांच्यासाठीच. राज्याला एक आणि केंद्राच्या लष्करी अभियंता खात्याला एक असे दोन अर्ज नाहीत, संयुक्त अर्ज एकच. मला सगळ्यात आवडलं ते नमुन्याचं रेखाटन. काठ असा काढा, पाण्याची पातळी अशी दाखवा, दगड किती उंच ते इथे लिहा, असं हाताने काढता येईल इतकं सोपं चित्र साइटवर दिलेलं. छोट्या कामांची वेगळी यादी आहे, काम त्यात बसलं तर अर्ज हलका. आणि अर्ज करायच्या आधी अधिकाऱ्यांबरोबर बसून बोलायची सोय आहे.

तिकडचं सगळं उचलून इकडे चालणार नाही, त्यांना सातबारा नाही की चार भावांचे हिस्से नाहीत. पण नमुना चित्र तर आपल्याकडेही देता येईल. आपले लोक अर्ज लिहून घ्यायला शंभर-दोनशे रुपये देतात ते चित्राअभावीच.

कोडवाला_रोहा · १८ मार्च, रात्री ११:१५

मी साइट बनवतो म्हणून तांत्रिक बाजू. स्कॅन केलेली पीडीएफ शोधता येत नाही, आणि माझ्या काकूंना कमी दिसतं, त्या मोबाइलला वाचायला लावतात, स्कॅन असेल तर मोबाइल गप्प बसतो. साधा मजकूर हवा, युनिकोडमध्ये, नकाशा वेगळा, म्हणजे दोन काड्या रेंजमध्येही उघडेल. आणि शब्द! आमच्याकडे ओहोळ-वहाळ, रत्नागिरीत पऱ्या, खाली व्हाळ, सरकारी भाषेत नाला. पानाच्या मजकुरात हे सगळे लिहिलेले असले की शोधणाऱ्याला सापडतं, त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पानावर "शेवटचा बदल" तारीख पाहिजे, नाहीतर २०११ चा नियम वाचून लोक काम करतील.

अजून एक, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी दिलेल्या परवान्यांचा तपशील आपणहून जाहीर करायचाच असतो. तो नीट लावला तर मागच्या वर्षी आपल्या तालुक्यात कुणाला साकवाची परवानगी मिळाली आणि कुणी दिली हे समजेल, तोच सर्वात खरा मार्गदर्शक.

पऱ्याकाठ · २२ मार्च, रात्री ८:००

सगळ्यांचं वाचून कच्चा मसुदा केलाय. प्रश्न या क्रमाने:

काय करायचंय, तुमच्या शब्दात (साकव, मोरी, काठाची भिंत, गाळ, बंधारा, पाणी वळवणं, तळीची दुरुस्ती). पऱ्या नकाशात कुठे आहे आणि आज कुठे वाहतो. भरती चढते का, जवळ कांदळवन आहे का. पूररेषेत येतं का. जुनं दुरुस्त करताय की नवीन. खाली कुणाची शेती, विहीर, पाट आहे, त्यांना सांगितलं का. माल बाहेर नेणार का. आणि शेवटी वेगळ्या चौकटीत, तुमचं पाणी कुणी अडवलं असेल तर सहा महिन्यांची मुदत.

प्रत्येक प्रश्नापुढे कुठलं कार्यालय, कुठला कागद, किती दिवस. ही जागा मी कोरी ठेवलीय कारण ती आपण अंदाजाने भरायची नाही, त्यांनीच भरायची.

जुनाभूमापक · २२ मार्च, रात्री ९:२५

नकाशाचा प्रश्न पहिला घ्या, काम दुसरं. बाकी उत्तम.

सिव्हिल_रत्नागिरी · २२ मार्च, रात्री ९:५०

काका, मला कामच पहिलं वाटतं. माणूस येतो तो काम डोक्यात घेऊन, नकाशाने सुरुवात केली तर तो पान बंद करेल.

जुनाभूमापक · २३ मार्च, सकाळी ६:४०

बरं, पण दुसऱ्या नंबरच्या खाली जाऊ देऊ नका.

वायंगणवाला (राजापूर) · २३ मार्च, सकाळी ८:१०

खालच्यांना "सांगितलं का" नको, "विचारलं का" करा.

पऱ्याकाठ · २३ मार्च, दुपारी १:००

बदललं.

पऱ्याकाठ · ६ मे, रात्री ९:००

१ मेच्या ग्रामसभेत मसुदा वाचला. तीन वाड्यांतून लोक आले होते, तळीच्या दुरुस्तीवर बरीच चर्चा झाली कारण देवळाची तळी कुणाच्या नावावर हेच कुणाला माहीत नाही. ठराव झाला की हे प्रश्न तहसीलला द्यायचे आणि उत्तरं जिल्ह्याच्या साइटवर मराठीत टाकायची विनंती करायची. काल तो ठराव आणि मसुदा घेऊन गेलो.

तिथल्या एका बाईंनी बसवून घेतलं आणि पेन्सिलीने एकेका प्रश्नापुढे टेबलचं नाव लिहिलं. पाच भरले, तीन कोरे राहिले. पऱ्या सरकला असेल तर, जुना बांध कोणाचा ते कळत नसेल तर, आणि माझ्यासारख्याच्या खाजगी साकवाला अंतिम सही कुणाची, हे तीन. त्या म्हणाल्या, मी विचारून ठेवते, मंगळवारी या. जुनाभूमापक काका पण येणार आहेत.

भिंत यंदा घालत नाही. खालच्या दोन्ही घरांशी बोललो, त्यांचं म्हणणं आधी बांबू आणि करंज लावून बघ, आम्ही रोपं देतो. तेवीस बांबू लागले. साकवाच्या फळ्या सध्या नवीन बसवल्यात, माणसं जातील, टेम्पो नाही.

खाजणकाठ (दापोली) · ६ मे, रात्री ९:४०

तो पेन्सिलीने लिहिलेला कागद फोटो काढून टाकाल का इथे? दुसरा कोरा प्रश्न आमचाच आहे, मी आमच्या तहसीलला तोच घेऊन जाते.

पऱ्याकाठ · ६ मे, रात्री ९:५५

टाकतो ताई, बाईंचं नाव झाकून.